बारावीनंतरचा प्रवेश आणि न ठरलेलं लेकरू: मराठवाड्यातल्या पालकांसाठी पायरीपायरीने

बारावीच्या लेकराला "पुढं काय?" विचारलं आणि "बघू" असं उत्तर आलं, की घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर बाप स्वतःच ठरवून टाकतो, नाहीतर सगळे निकालाची वाट बघत बसतात. नुकसान दोन्हीत आहे, पण वाट बघण्यात जास्त. प्रवेशाची कितीतरी दारं निकाल लागायच्या आधीच बंद झालेली असतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट डिसेंबरात होऊन जाते. जेईई मेनच्या जानेवारीच्या सत्राचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरले जातात. जातवैधतेला महिने लागतात. मे महिन्यात निकाल हातात घेऊन विचार करायला बसलेल्या घराला उरलेल्या वाटांमधूनच निवडावं लागतं.

म्हणून पहिली गोष्ट कामाच्या वाटणीची. कागदपत्रं, तारखा आणि पैसा हे आईबापाचं काम. शाखा कोणती, कॉलेज कोणतं, पसंतीक्रम काय, हे लेकराचं काम. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं चालतं: सतरा वर्षांचं पोरगं तहसीलच्या चकरा मारतं आणि शाखा चुलते ठरवतात.

"माहीत नाही" म्हणजे नेमकं काय, ते आधी ओळखा

हे उत्तर तीन वेगळ्या कारणांनी येतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

काही मुलांना खरंच माहीत नसतं, कारण त्यांनी डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक आणि पोलीस याच्यापलीकडे काम करणारी माणसंच पाहिलेली नसतात. अशा मुलाला सल्ला देऊन उपयोग नाही, माणसं दाखवावी लागतात. ओळखीतला फार्मासिस्ट, कृषी अधिकारी, पशुवैद्यक, बँकेतला अधिकारी, वाळूजच्या एखाद्या कंपनीतला मेंटेनन्स इंजिनिअर, कोर्टातला वकील. जे कुणी अर्धा दिवस जवळ बसू देतील त्यांच्याकडे पाठवा. तिथे "पगार किती?" यापेक्षा "सकाळी आल्यापासून जाईपर्यंत काय काय केलंत?" हा प्रश्न जास्त कामाचा.

काहींचं ठरलेलं असतं, पण सांगायची भीती असते. दोन वर्षं लातूरला खोली करून ठेवलं, मेस आणि क्लासचे पैसे भरले, आता "मला डॉक्टर व्हायचं नाही" हे तोंडातून निघत नाही. अशी मुलं अभ्यास टाळत नाहीत, विषय टाळतात. त्यांना समोर बसवून विचारू नका. गाडीवर जाताना, शेतात काम करताना, नजरेला नजर नसताना विचारा: "नीटचा निकाल कसाही लागो, तो बाजूला ठेवला तर तुला काय शिकायला आवडेल?" उत्तर आल्यावर निदान त्या दिवशी तरी त्याच्यावर एक शब्दही बोलू नका. पहिल्या उत्तरावर वाद झाला की दुसरं उत्तर मिळत नाही.

तिसऱ्या प्रकारची मुलं फक्त गुणांची वाट बघत असतात. त्यांच्याशी बोलून फार काही निघणार नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या वेळेवर होणं पुरे.

कल चाचण्यांबद्दल एक वाक्य: क्लासच्या बाहेर पैसे घेऊन केलेल्या चाचणीच्या अहवालावर फी भरायचा निर्णय घेऊ नका, बोलायला विषय म्हणून तो ठीक आहे.

दारं उघडी ठेवा

ठरत नसेल तेव्हा अर्ज कमी नाही, जास्त भरायचे. एका परीक्षेचा अर्ज खुल्या प्रवर्गाला साधारण हजार ते दोन हजारात होतो, आरक्षित प्रवर्गाला त्याहून कमी. क्लॅट तेवढी महाग आहे. हुकलेल्या परीक्षेपायी अख्खं वर्ष जाण्यापेक्षा हे स्वस्तच.

विज्ञान शाखेत राज्याच्या सीईटीचे दोन गट आहेत: भौतिक-रसायन-गणित आणि भौतिक-रसायन-जीवशास्त्र. ज्याने चारही विषय घेतले आहेत त्याला दोन्ही गटांची परीक्षा देता येते. अभियांत्रिकीला गणिताचा गट लागतो. बी. फार्मसी आणि बी. एस्सी. कृषीला दोन्हीपैकी कुठलाही चालतो. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस हे सगळं नीटवर. त्यामुळे नीटची तयारी करणाऱ्या मुलाने जीवशास्त्र गटाची सीईटी दिली नाही, तर नीट बिघडल्यावर फार्मसी आणि कृषी हे दोन्ही रस्ते त्या वर्षापुरते गेले. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये नीटच्या नादात सीईटीचा अर्जच राहून जाणं दरवर्षी घडतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारखी संस्था दारात असताना हे होऊ देऊ नये.

सीईटीत 200 गुण असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि अभ्यासक्रमात अकरावीचा वाटा साधारण 20 टक्के, बारावीचा 80 टक्के असतो. नीट 720 गुणांची आहे आणि तिथे चुकीला एक गुण वजा होतो. नीटच्या सवयीने सीईटीत प्रश्न कोरे सोडणारी मुलं असतात. त्यांना हे आधी सांगा.

कला-वाणिज्यवाल्यांनी "आपल्याला कुठे सीईटी?" असं समजू नये. पाच वर्षांच्या विधी पदवीला सीईटी आहे. बीबीए, बीसीए, बीएमएस या पदव्यांना 2024 पासून राज्याची स्वतंत्र सीईटी सुरू झाली. अनेक कॉलेजांनी त्यानंतर अभ्यासक्रमांची नावं बदलली, म्हणून ज्या कॉलेजात जायचं तिथे नेमकी पदवी कोणत्या नावाची आणि तिला सीईटी लागते का, हे फेब्रुवारीच्या आत जाऊन विचारा. बी. एस्सी. संगणकशास्त्राला ती लागत नाही. मुंबई-पुण्याबाहेर, म्हणजे दिल्ली, हैदराबाद, बनारसच्या केंद्रीय विद्यापीठांत बी. ए. किंवा बी. एस्सी. करायची इच्छा असेल तर सीयूईटी. ती परीक्षा आपल्याकडे फार कमी मुलं देतात, ही खरं तर चांगली संधी आहे.

यादी करा: परीक्षा, अर्जाची शेवटची तारीख, परीक्षेचा महिना, ती दिल्यावर उघडणारे अभ्यासक्रम. एक कागद, स्वयंपाकघरात चिकटवलेला. तारखा मोबाइलवर आलेल्या फॉरवर्डवरून लिहू नका, राज्याच्या सीईटी कक्षाच्या किंवा एनटीएच्या (जेईई, नीट, सीयूईटी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) संकेतस्थळावरून लिहा.

कागदपत्रं: सर्वांत जास्त जागा इथेच जातात

गुण असून जागा गेली अशी जी प्रकरणं असतात, त्यांतली बहुतेक कागदांची असतात. अकरावीतच सुरुवात करा.

नाव. दहावीच्या सनदेवर, आधारवर, जातीच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकावर नाव एकसारखं आहे का ते तपासा. वडिलांचं नाव एका ठिकाणी "ज्ञानोबा" आणि दुसरीकडे "ज्ञानदेव" असलं तरी अडतं. दहावीची सनद प्रमाण धरा आणि बाकीचे कागद तिच्याप्रमाणे करून घ्या. आधारमधली दुरुस्ती सोपी, बोर्डाच्या सनदेतली अवघड. बोर्डाचं काम छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोलीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळात. लातूर, नांदेड, धाराशिवसाठी लातूरच्या मंडळात.

जातीचा दाखला आणि जातवैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, वैधता पडताळणी समिती देते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर वैधता लागते. अर्ज अकरावी-बारावीत, कॉलेजच्या शिफारशीसह करायचा असतो. पुरावा कधीचा हवा तेही ठरलेलं आहे: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. मराठवाड्याची अडचण अशी, की सप्टेंबर 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे जुने महसुली आणि शाळेचे कागद उर्दूत किंवा मोडीत सापडतात. त्यांचं प्रमाणित भाषांतर करून घ्यायला वेळ जातो. रक्ताच्या नात्यातल्या कुणाची वैधता आधी झालेली असेल, वडील, सख्खे चुलते, आत्या, तर तो कागद सगळ्यात आधी शोधा. काम निम्म्याने हलकं होतं.

ज्या घरांत 2023 नंतर निजामकालीन नोंदींवरून कुणबी दाखले निघाले, तिथे गोंधळ ठरलेलाच. एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास, म्हणजे मराठा आरक्षण), ओबीसी की ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक)? अर्जात एकच प्रवर्ग चालतो. हाताशी कोणता कागद *पूर्ण* आहे, यावर निर्णय घ्या. कुणबी दाखला आहे पण वैधतेचा पत्ता नाही, तर तो दाखला ऐनवेळी कामाला येईलच असं नाही. काही वर्षी वैधतेच्या अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश आणि नंतर मुदतवाढ मिळाली, पण ती सवलत दर वर्षी नव्याने जाहीर होते. तिच्यावर लेकराचं वर्ष लावू नका. आणि एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे. केंद्राच्या प्रवेशात, म्हणजे आयआयटी, एनआयटी, नीटचा अखिल भारतीय कोटा, तो नाही.

नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते. प्रवेशासाठी ते *पुढच्या* 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जानेवारीत "काढून ठेवलं" म्हणून निर्धास्त झालेली माणसं जूनमध्ये सेतूच्या रांगेत दिसतात. ते एप्रिलनंतर काढा किंवा काढतानाच त्यावरची मुदत वाचा. ईडब्ल्यूएसचंही तसंच, चालू आर्थिक वर्षाचं हवं. केंद्राच्या प्रवेशाला ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे नमुने वेगळे असतात. राज्याचा नमुना तिथे चालत नाही. तहसीलला अर्ज देतानाच "केंद्राचा नमुना" असं स्पष्ट सांगा.

राहिले उत्पन्नाचा दाखला आणि वय-अधिवास प्रमाणपत्र. ते तलाठ्याच्या अहवालावर तहसीलमधून मिळतात. अधिवास एकदाच काढायचा, उत्पन्नाचा दर वर्षी.

सगळे कागद स्कॅन करून एका ठिकाणी ठेवा. झेरॉक्सच्या दुकानातला मोबाइलवर काढलेला फोटो स्कॅन म्हणून चढवला, की पडताळणीत "अस्पष्ट" म्हणून परत येतो आणि दुरुस्तीला एखाद-दुसराच दिवस असतो.

मोबाइल नंबर कुणाचा?

लहान वाटणारी, पण फार महाग पडणारी गोष्ट. नेट कॅफेवाला किंवा सेवा केंद्रवाला अर्ज भरताना घाईत स्वतःचा नंबर आणि स्वतःचाच ईमेल टाकतो, पासवर्डही तोच ठेवतो. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो, जागा लागल्याचा संदेशही त्याच्याकडे. काही ठिकाणी पसंतीक्रमही त्याच्याच हाताने बदलला जातो. लेकराच्या नावाचा स्वतंत्र ईमेल काढा. नंबर घरातला असा द्या, जो ऑक्टोबरपर्यंत बंद पडणार नाही आणि ज्याचं सिम लेकराच्या किंवा तुमच्या फोनमध्ये आहे. पासवर्ड वहीत लिहा. फॉर्म कॅफेत भरा हवं तर, पण कन्फर्म करण्याआधी प्रिंट घेऊन घरी वाचा.

गुण आले: आता आकडे वाचायला शिका

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. समजा चार लाख मुलं बसली आणि लेकराला 90 पर्सेंटाइल आले, तर त्याच्या पुढे साधारण चाळीस हजार मुलं आहेत. 95 ला वीस हजार, 99 ला चार हजार. 90 आणि 95 मधला फरक पाच गुणांचा वाटतो, प्रत्यक्षात तो वीस हजार मुलांचा आहे. म्हणून कॉलेज शोधताना पर्सेंटाइलपेक्षा राज्य गुणवत्ता क्रमांक बघणं बरं.

कट-ऑफच्या याद्या सीईटी कक्षाच्या प्रवेश संकेतस्थळावर फेरीनिहाय मिळतात. त्यांतली अक्षरं पहिल्यांदा भीती घालतात, पण रचना सोपी आहे. सुरुवातीचा "जी" म्हणजे सर्वसाधारण, "एल" म्हणजे महिलांसाठी राखीव. मधे प्रवर्ग: ओपन, एससी, एसटी, ओबीसी आणि पुढे. शेवटचं अक्षर "एच" असेल तर गृह विद्यापीठाची जागा, "ओ" म्हणजे इतर विद्यापीठाची, "एस" म्हणजे राज्यस्तरावरची. मुलीने "एल" आणि "जी" दोन्ही ओळी बघायच्या, तिचा हक्क दोन्हीवर आहे.

गृह विद्यापीठ ठरतं ते बारावी जिथून झाली त्या जिल्ह्यावरून. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या. धाराशिवच्या मुलाने बारावी लातूरला केली, तर त्याचं गाव एका क्षेत्रात आणि गृह विद्यापीठ दुसऱ्या क्षेत्रात. यादी वाचताना ही चूक झाली तर सगळा अंदाज सरकतो. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला जिल्ह्यांचा तक्ता उघडून बघा.

कट-ऑफ हा शेवटी आत गेलेल्या मुलाचा आकडा असतो आणि तो दर वर्षी हलतो. पहिल्या फेरीचा आकडा बघून घाबरायचं नाही, शेवटच्या फेरीचा बघून उड्या मारायच्या नाहीत. निदान दोन वर्षांच्या सगळ्या फेऱ्या बघा.

इथेच नातेवाइकांच्या जुन्या माहितीचा बंदोबस्त करावा लागतो. "मेडिकलला मराठवाड्याच्या पोरांना जागाच नाहीत, 70-30 आहे ना" हे वाक्य अजून लग्नाकार्यात ऐकू येतं. ते प्रादेशिक सूत्र, म्हणजे 70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना आणि 30 टक्के बाकीच्यांना, 2020 मध्ये रद्द झालं. आता राज्य कोट्याच्या, म्हणजे 85 टक्के, जागांसाठी सगळ्या महाराष्ट्राची एकच गुणवत्ता यादी लागते. मामांनी ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचे नियम त्यांना पाठ आहेत, यात त्यांचा दोष नाही. फक्त त्या नियमांवर अर्ज भरायचा नाही.

पसंतीक्रमाची संध्याकाळ

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतला, म्हणजे कॅपमधला, हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. ठरत नसलेल्या लेकराला "काय व्हायचंय?" या प्रश्नापेक्षा "या दोनपैकी कोणतं वर?" हा प्रश्न खूप सोपा जातो. त्याचाच उपयोग करा.

कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एक कॉलेज आणि एक शाखा. तीस-चाळीस होतील. लेकराला जमिनीवर मांडू द्या. दोन-दोन चिठ्ठ्या उचलून "दोन्ही मिळाल्या तर कुठे जाशील?" एवढंच विचारा आणि वर-खाली करा. तासाभरात क्रम तयार होतो. शाखा मोठी की कॉलेज मोठं, हा वाद त्यातच सुटतो: नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्थेतलं मेकॅनिकल वर ठेवलं की पुण्याच्या नव्या खासगी कॉलेजातलं कॉम्प्युटर, हे बोलण्यापेक्षा चिठ्ठीच्या जागेवरून जास्त कळतं. आमचं मत विचाराल तर, ज्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांना स्वतःच्या हाताने प्रयोग करायला मिळतात ते जवळचं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज, नाव ऐकलेल्या शहरातल्या न पाहिलेल्या कॉलेजच्या वर ठेवावं. निर्णय मात्र लेकराचा.

क्रमाचे तीन नियम. पहिला: जे खरंच हवं ते वर, मिळण्याची शक्यता कितीही कमी असो. वरची पसंती हुकली म्हणून खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. संगणक गुणवत्तेनुसार वरून खाली बघत येतो. दुसरा: जिथे जायचंच नाही ते यादीत ठेवायचं नाही, "असू दे, भरतीला" म्हणूनही नाही. तिसरा: तळाशी दोन-चार अशी ठिकाणं हवीतच, जिथे गेल्या वर्षी लेकराच्या क्रमांकापेक्षा बऱ्याच मागच्या मुलांना जागा मिळाली आणि जिथली फी परवडते.

दुसरा नियम का कडक आहे ते 2025 च्या अभियांत्रिकी प्रवेशावरून कळेल. चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती जागा आपोआप गोठवली जायची. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तर तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. ती घेतली नाही तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणजे कुणाच्या आग्रहाखातर पहिल्या क्रमांकावर भलतंच टाकलं आणि ते लागलं, तर अडकलात. हे नियम वर्षागणिक बदलतात. त्या वर्षीच्या पुस्तिकेतलं "ऑटो फ्रीझ"चं पान दोघांनी मिळून वाचा.

जागा लागल्यावर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन स्वीकारावी लागते आणि स्वीकृती शुल्क भरावं लागतं. अजून चांगल्याची आशा असेल तर बेटरमेंटचा पर्याय घ्यायचा. बेटरमेंटमध्ये वरची पसंती लागली की आधीची जागा जाते, हे लेकराच्या तोंडून वदवून घ्या. शेवटच्या रात्री सर्व्हर आणि गावातली वीज दोन्ही दगा देतात. एक दिवस आधी संपवा.

क्रम लागण्याआधी जमतील तेवढी कॉलेजं बघून या, सुटीच्या दिवशी नाही, चालू दिवशी. कार्यालयात माहितीपत्रक देतील. ते घ्या आणि कँटीनकडे जा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: तास होतात का, प्रयोगशाळेत यंत्र किती आणि चालू किती, गेल्या वर्षी *याच शाखेच्या* किती मुलांना नोकरी लागली, वसतिगृहाचं पाणी कसं. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर पाण्याचं उत्तर खरं मिळेल.

पैसा, आणि तो नेमका पेरणीत लागतो

फेऱ्या जूनअखेर ते सप्टेंबर. म्हणजे बियाणं-खताचे पैसे गेलेले आणि सोयाबीन अजून शेतात. शेतकरी घराने एप्रिलमध्येच, तूर-हरभऱ्याच्या पट्टीतून, पहिल्या हप्त्याचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. हिशोब फक्त शिक्षण शुल्काचा करू नका; विकास शुल्क, वसतिगृह, मेस, अनामत, पुस्तकं, येण्याजाण्याचं भाडं एकत्र मांडा. खासगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तिचा आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. त्यापेक्षा जास्त मागितली तर लेखी मागा.

सवलती महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून मिळतात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलग्यांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना, इतर प्रवर्गांना त्यांच्या त्यांच्या योजना. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात एकदा जाऊन यादी घ्या. शुल्क माफीच्या जागा, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, मंजूर क्षमतेच्या वर पाच टक्के असतात आणि त्यांचा पसंतीक्रमात वेगळा कोड असतो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असूनही तो कोड न टाकणारी घरं पुष्कळ.

दोन अटींवर पैसे अडतात. एक, प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा एजंटामार्फत घेतला तर शुल्क सवलत गेली. "बसा घरी, सीट करून देतो" म्हणणाऱ्या माणसाला हे विचारा, तो विषय बदलतो. कॅपिटेशन फी घेणं 1987 च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे, हेही त्याला माहीत असतं. दोन, शिष्यवृत्ती लेकराच्या स्वतःच्या, आधारशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलेल्या खात्यात येते. खात्याला आधार नंबर दिलेला असणं पुरेसं नाही. एकापेक्षा जास्त खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं बंद पडलेलं असलं की हप्ता अडकतो. बँकेत जाऊन "डीबीटीला कोणतं खातं जोडलंय?" एवढं विचारा.

शैक्षणिक कर्जासाठी गाव दत्तक असलेल्या शाखेत मे महिन्यातच बोलून ठेवा. चार लाखांपर्यंत तारण मागितलं जाऊ नये.

रिपीट करायचं का?

लातूर-नांदेडमध्ये हा प्रश्न दर दुसऱ्या घरात आहे आणि रिपीटर बॅचची जाहिरात निकालाच्या दिवशीच दारात येते. निर्णय घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडा. सराव परीक्षांतले गुण शेवटच्या चार महिन्यांत चढत होते का? चढत होते आणि परीक्षेच्या दिवशी घसरले, तर पुन्हा देण्यात अर्थ आहे. वर्षभर एकाच जागी होते, तर त्याच पद्धतीने दुसरं वर्ष तेच देईल. दुसरं, सरकारी जागेपासून अंतर किती? ते गुणांत नको, क्रमांकात मोजा. तिसरं, रिपीट कुणाला करायचंय? लेकराने स्वतः, न विचारता, तो शब्द काढलेला नसेल तर करू नका.

रिपीट ठरलंच तर एक प्रवेश हातात ठेवायचा की सगळं सोडून बसायचं, हा स्वभावाचा प्रश्न आहे. पण पुढच्या वर्षी खंड प्रमाणपत्र (गॅप सर्टिफिकेट) लागतं, नॉन-क्रिमिलेयर आणि ईडब्ल्यूएस पुन्हा काढावं लागतं, हे धरून चला. तिसऱ्यांदा नीट द्यायची वेळ आली तर बीएएमएस, फार्मसी, नर्सिंग, पशुवैद्यक यांच्याकडे सन्मानाने बघायला घरातल्या मोठ्यांनीच सुरुवात करावी लागते. लेकरू तुमच्या तोंडाकडे बघत असतं.

घरातलं वातावरण

निकाल ते शेवटची फेरी या काळात शेजारच्या पोराचे गुण घरात बोलायचे नाहीत. पाहुण्यांनी विचारलं तर "फेऱ्या चालू आहेत" हे उत्तर आईबापाने द्यावं. आठवड्यातला एक वार प्रवेशाच्या बोलण्याचा ठरवा. बाकीचे दिवस जेवताना तो विषय बंद.

झोप उडणं किंवा दिवसभर झोपणं, जेवण सुटणं, मित्रांचे फोन न घेणं, "माझ्यामुळे तुमचे पैसे गेले" असं वारंवार म्हणणं, वस्तू वाटून टाकणं. यातलं काहीही दिसलं तर प्रवेशाचं काम बाजूला ठेवा. मरणाबद्दल विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत. उत्तर "हो" असेल तर लेकराला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून आणि कोठ्यातून हलवून कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

प्रवेश झाल्यावर वाट चुकली असं वाटलं तर

पहिल्या सहामाहीत असं वाटणं नेहमीचं आहे, दिवाळीपर्यंत तरी थांबा. प्रवेश रद्द करायचा झाला तर त्या वर्षीची रद्द करण्याची अंतिम तारीख महत्त्वाची: तिच्या आत अर्ज केला तर किरकोळ कपात होऊन फी परत मिळते, तारीख गेली की बहुतेक रक्कम गेली. रद्दचा अर्ज कॅपच्या संकेतस्थळावरही करावा लागतो, फक्त कॉलेजच्या कारकुनाला सांगून होत नाही. मूळ कागदपत्रं अडवून धरायचा अधिकार कॉलेजला नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे साध्या पदवीत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, आणि मिळवलेली श्रेयांकं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटमध्ये जमा राहतात; त्यासाठी लेकराचा अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, पहिल्याच महिन्यात काढून घ्या. अभियांत्रिकीला गुण कमी पडलेल्यांसाठी बारावी विज्ञाननंतर तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ताही उघडा असतो, आणि पदविका झाल्यावर तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. त्याच्या फेऱ्या वेगळ्या चालतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या त्या कागदावर त्यांच्याही तारखांची ओळ आधीच लिहून ठेवा.